पहिल्या जागेवरचं भांडं

वडिलांनी जेवण सोडलं त्याला अकरा दिवस झाले, तेव्हा ती त्यांना कामावर सोबत घेऊन गेली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं होतं. वजन सहा किलो उतरलंय, तपासण्या सगळ्या व्यवस्थित आहेत, आणि आणखी तीन दिवस हेच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल. "त्र्याहत्तर वर्षांच्या शरीराला ते झेपेलच असं मी सांगत नाही," असं म्हणून त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली.

वडील रुसले नव्हते. उपासही नव्हता. रोज पहाटे उठून ते स्वयंपाक करायचे, तिला वाढायचे, समोर उभं राहून आणखी हवं का विचारायचे. ती हात धुवायला उठली की निमूटपणे भांडी घासायला घ्यायचे. भात एकाच माणसाच्या मापाने शिजतोय हे तिच्या लक्षात यायलाच चार दिवस गेले.

"बाबा, तुम्ही कधी जेवता?"

"जेवेन की. पंगत उठू दे."

"कसली पंगत? घरात आपण दोघं."

"भूक आहे गं मला. चांगली कडाडून आहे. पण बसवत नाही."

तिने ते सवयीच्या खात्यावर टाकलं. वडिलांनी बत्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या खानावळीत मुख्य आचारी म्हणून काढली होती. तिथे त्यांना सगळे पळीमास्तर म्हणायचे. मास्तरांचा नियम एकच, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही: शेवटचा जेवणारा उठल्याशिवाय आचाऱ्याने घास घ्यायचा नाही. घरीही तेच. आई होती तोवर यावरून रोज बोलायची, "या माणसाचं लग्न पळीशी लावून द्यायला हवं होतं." पण घरची पंगत उठायला कितीसा वेळ? दहा मिनिटांत सगळे उठायचे, मग मास्तर मांडी घालून पोटभर जेवायचे. आता मुलगी उठली तरी त्यांच्या लेखी पंगत उठत नव्हती.

ती मोजणीचं काम करायची. गावाबाहेरच्या टेकडीवर एक जुना बौद्ध विहार खणून काढत होते. तिथल्या प्रत्येक दगडाचा, प्रत्येक वस्तूचा नकाशा मापासकट कागदावर उतरवणं हे तिचं काम. हातात सदा पट्टी, म्हणून खोदकामावर तिचं नाव पट्टीबाई पडलं होतं. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पाच आठवड्यांपूर्वी वडील तिच्याकडे राहायला आले. पहिले काही दिवस ते दुपारचा डबा घेऊन टेकडी चढायचे, तिला डबा द्यायचे आणि भिंतीच्या सावलीत बसून आपलाही संपवायचे. मग एक दिवस त्यांनी टेकडीवर येणं बंद केलं. जेवण थांबलं तेही त्याच दिवशी. या दोन गोष्टींची सांगड तिने घातली नव्हती.

त्या सकाळी दहा वाजता दोघं वर पोचले. पिशवीत दोन डबे होते, कारण तिने हट्टाने दोघांपुरता भात करायला लावला होता, आणि वडिलांनी सवयीने पळीही टाकली होती. चढावर ते तीनदा थांबले. खणणारी माणसं पलीकडच्या उतारावर कामाला होती, त्यांच्या फावड्यांचा आवाज वाऱ्यावर तुटक येत होता. तिला त्या दिवशी भोजनशाळेचं उरलेलं मोजमाप संपवायचं होतं.

भोजनशाळा म्हणजे सव्वीस मीटर लांब, सात मीटर रुंद खोली. छप्पर केव्हाच गेलेलं, भिंती छातीएवढ्या उरलेल्या. दोन्ही लांब भिंतींना लागून दगडी कट्टे, समोरासमोर. कट्ट्यांवर माणसं बसून बसून उथळ खळगे पडले होते, एका बाजूला तेवीस, दुसऱ्या बाजूला तेवीस. दर खळग्यापुढे जमिनीवर एक काळं मातीचं भांडं. सगळी उताणी, तोंड वर.

खोदकामाच्या प्रमुखबाई आलेल्या पाहुण्यांना इथे आणून आवाज खाली करायच्या. भिक्षूंचं जेवण सूर्य माथ्यावरून ढळायच्या आत संपायचं. पहिल्या जागेवर सर्वांत ज्येष्ठ. त्याने घास घेतल्याशिवाय कोणी घेत नसे, तो उठल्याशिवाय कोणी उठत नसे. आणि तोही शेवटच्याचं होईपर्यंत थांबायचा. जेवण झालं की प्रत्येकाने आपलं भांडं धुऊन पालथं ठेवायचं. "इथे एकही पालथं नाही," असं बाई सांगायच्या. आग लागल्याची राख नाही, हल्ल्याची खूण नाही, हाडं नाहीत. माती दारातून हळूहळू आत आलेली, शतकानुशतकं. पाहुण्यांना काटा यायचा. तिला यायचा नाही. तिच्यासाठी ती एक ते सेहेचाळीस अशी वस्तूंची यादी होती.

वडिलांनी दारात चपला काढल्या.

"इथे चपला चालतात, बाबा."

"चालत असतील," ते म्हणाले, आणि अनवाणी आत आले. डाव्या रांगेकडे पाहिलं, मग उजव्या. वाढायला निघायच्या आधी आचारी नजर फिरवतो तसं. मग ते पहिल्या जागेपाशी थांबले. तिथे खळगा होता, पण भांडं नव्हतं.

"हे कोणी उचललं?"

"मी. बाईंना वर्तमानपत्रासाठी फोटो हवा होता. कोठीत आहे, सुखरूप."

"कधी उचललंस?"

तिने मनात दिवस मोजले. अकरा भरले.

"उचलताना मागे काय ठेवलंस?" वडिलांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिच्या कामातला तो पहिला धडा होता: वस्तू जागेवरून हलवली तर तिच्या जागी क्रमांकाची चिठ्ठी खिळ्याने रोवायची. जागा क्षणभरही बेवारशी सोडायची नाही. त्या दिवशी गाडी थांबली होती, बाई घाई करत होत्या. तिने चिठ्ठी लावली नव्हती. नंतर लावू म्हणाली आणि विसरली. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"काही नाही," ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. नव्या वाढप्याची चूक सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला, राग नाही, नुसती खात्री. "भरल्या पंगतीतून ताट उचलायचं तर मागे काहीतरी ठेवतात. फडकं, चमचा, काहीही. म्हणजे बसलेल्याला कळतं, परत येतंय. नाहीतर तो नुसता बसून राहतो. आणि पहिला बसून राहिला की सगळे हात आखडून बसतात."

"इथे कोणी नाही, बाबा."

"तुला पट्टी दिसते. मला पंगत दिसते. ज्याचं त्याचं काम." ते भिंतीला टेकले. दम लागला होता. "मी डबा घेऊन यायचो तेव्हा छान चालू होतं यांचं. संथ, कुणाला घाई नाही. वाढणारा मी नव्हतो, म्हणून बाहेर बसून मजेत जेवायचो. मग एक दिवस आलो, तर सगळ्यांचे हात थांबलेले. तेव्हापासून मी घास उचलला की ते दिसतात. थांबलेल्या पंगतीसमोर आचाऱ्याने जेवायचं कसं?"

"मला का नाही सांगितलंत?"

"तू डॉक्टरकडे नेलं असतंस."

"नेलंच की."

"म्हणून तर."

तिने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. ती भोजनशाळेतून बाहेर पडली आणि जवळजवळ धावतच कोठीकडे गेली.

कोठी म्हणजे पत्र्याची खोली, आत लाकडी मांडण्या आणि एक म्हातारे कोठीवाले काका. या माणसाने स्वतःच्या बायकोलाही पोचपावतीशिवाय भाजी दिली नसती, असं खोदकामावर म्हणायचे.

"एक नंबरचं भांडं हवंय, काका."

"सही?"

"बाई शहरात गेल्यात. संध्याकाळी येतील."

"मग संध्याकाळी ये."

"संध्याकाळी उपयोग नाही. दुपारच्या आत हवं." तिने खोटं काहीतरी रचायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. "बाबा जेवत नाहीत. अकरा दिवस झाले. भांडं जागेवर गेलं तर जेवतील, असं मला वाटतंय. का वाटतंय ते विचारू नका."

काकांनी चष्मा काढला. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी त्यांनाही दोनदा डबा आणून दिला होता. "तरीच म्हटलं मास्तर दिसत नाहीत." ते उठले, मांडणीवरून खोकं उतरवलं, पण तिच्या हातात दिलं नाही. "मी घेऊन येतो. माझ्या नजरेआड हे जाणार नाही. मग तुझा बाप जेवो नाहीतर नाचो."

अकरा वाजून वीस मिनिटांनी भांडं पहिल्या खळग्यापुढे ठेवलं गेलं. नकाशातल्या मापाप्रमाणे, कट्ट्यापासून बरोबर एकतीस सेंटिमीटरवर. तिघं थांबली. वाराही पडला होता.

"झालं?" तिने विचारलं.

वडील पहिल्या जागेकडे पाहत होते. "भांडं आलं. माणूस नाही. अकरा दिवस कोण वाट बघेल? गेला उठून."

"मग आता?"

"आता ज्याने उठवलं त्याने बसायचं. दुसरं कोण बसणार?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. ती जे करणार होती त्याला तिच्या धंद्यात माफी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि वडिलांनी पहाटे शिजवलेला भात त्या भांड्यात घातला.

"अगं, त्यात अन्न..." काका म्हणाले. ते मागे सरकून दारात उभे राहिले.

उंबऱ्यावर एक बारीक रेघ कोरलेली होती. तिच्याशेजारी खांबाचं भोक. महिन्याभरापूर्वी तिनेच त्या भोकात मोजणीचा लाल-पांढरा दांडा उभा करून पाहिला होता. सूर्य माथ्यावर आला की दांड्याची सावली नेमकी त्या रेघेवर यायची. आजही दांडा तिथेच होता. सावली रेघेपासून वीतभर दूर.

"सावली रेघेवर गेली की आजचं संपलं," वडील म्हणाले. "आणि उद्या मी ही टेकडी चढेन असं मला वाटत नाही. बस."

ती बसली. खळगा तिच्या मापाचा नव्हता, तरी शरीर आत सरकलं. दगड कोमट होता. उन्हाने असेल, असं तिने मनाशी म्हटलं, आणि मग लक्षात आलं की ही भिंतीची सावलीतली बाजू आहे.

वडिलांनी पिशवीतली पळी घेतली आणि रिकामा डबा काखेत धरून ते रांगेने निघाले. अकरा दिवसांचा उपाशी माणूस, पण पावलं सराईत. प्रत्येक जागेपुढे वाकायचे, पळी खाली न्यायची, क्षणभर थांबायचं, पुढे. एका जागी त्यांनी दुसऱ्यांदा पळी घातली, कोणी मागितल्यासारखी. रांगेच्या मध्यावर ते एकदम तिरके झाले आणि कोणाचे तरी लांब पाय चुकवून पुढे गेले. पळीत काही नव्हतं. डावी रांग संपली, उजवी संपली. मग ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"घे."

तिने घास घेतला. गार भात, मीठ थोडं कमी. खोलीत तिच्या चावण्याचा आवाज तेवढा येत होता. तिने दुसरा घास घेतला, तिसरा. मग ओठांवर मीठ शोधत ती क्षणभर थांबली.

तिचं चावणं थांबलं. चावण्याचा आवाज थांबला नाही.

तो दोन्ही बाजूंनी येत होता, अगदी मंद, पावसात छपराखाली ऐकू यावा तसा सगळीकडून. तिने मान वळवली नाही. दारात काकांनी हाताची घडी सोडून चौकट धरली होती. ती भांड्यात पाहून खात राहिली. शेवटचं शीत बोटाने पुसून घेतलं. सावली रेघेपासून चार बोटं दूर होती.

"उठू?"

"बस."

तीन बोटं. तिच्या उजव्या हाताशी, कोपरापासून जेमतेम वीतभर अंतरावर, कोणीतरी समाधानाने नाकातून श्वास सोडला. दुसरी जागा. तिने पायाची बोटं आवळली.

"कोण राहिलंय, बाबा?"

"शेवटच्या जागेवरचा. दात नाहीत त्याला. त्याची घाई करू नकोस, तू पहिली आहेस."

दोन बोटं. आवाज विरळ होत होत एकाच ठिकाणी उरला होता, पार टोकाला. मिचमिच, मग खंड, पुन्हा मिचमिच. उठून पळावं असं तिच्या मांड्यांना वाटत होतं. पण ती उठली तर त्या टोकाच्याचा घास अर्धा राहणार, पंगत पुन्हा अडकणार, आणि समोर उभ्या माणसाच्या गळ्याची हाडं तिला मोजता येत होती. ती बसून राहिली. सावलीची कड रेघेला शिवली.

"ऊठ," वडील म्हणाले.

ती उठली. त्याच क्षणी तिच्या पोटऱ्यांना वारा लागला, जाड कापडांची लांबलचक रांग अंगाजवळून सरकून जावी तसा, दाराकडे. काका बाजूला झाले. कोणीही सांगितलेलं नसताना.

वडील खाली बसले. जिथे उभे होते तिथेच, मातीत. दुसरा डबा उघडला आणि खायला लागले. तिसऱ्या घासाला ठसका लागला, तिने पाणी दिलं. "मीठ कमी पडलंय," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "सांगायचंस ना." ती त्यांच्याजवळ बसली आणि घास कसा घशाखाली उतरतो ते पाहत राहिली, डबा तळाला लागेपर्यंत.

"पट्टीबाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "हे बघ."

सेहेचाळीस भांडी पालथी होती. प्रत्येकाच्या कडेभोवती मातीवर ओलसर वर्तुळ होतं. उन्हात ते बघता बघता वाळून गेलं.

प्रमुखबाई संध्याकाळी आल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. जगात एकमेव असलेला पुरावा मोजणी पुरी व्हायच्या आत हलवला, एकात अन्न खाल्लं. का, एवढंच त्यांना हवं होतं. काकांनी जबाब दिला, की आपण दारात उभे होतो आणि दोघांपैकी कोणीही दुसऱ्या भांड्याला हात लावला नाही. जबाब कोणी लिहून घेतला नाही. तिने सगळं आपल्यावर घेतलं. त्यापेक्षा पटण्यासारखं सांगायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. महिनाअखेर तिला खोदकामावरून काढून शहरातल्या कचेरीत, जुने नकाशे नव्याने काढायच्या टेबलावर बसवलं.

वडील थोरल्या भावाकडे गेले. पाच किलो परत चढले. फोनवर वहिनी तक्रार करायची, की बाबा आता वाढायला उभेच राहत नाहीत, सगळ्यांच्या आधी ताटावर बसतात, आणि भाजीत खोड काढतात. ती हसायची. वडील फोनवर आले की विचारायचे, "जेवलीस?" ती हो म्हणायची.

कचेरीच्या उपाहारगृहात एकच लांब टेबल होतं, दोन्ही बाजूंना बाकं. पहिला आठवडा ती आपल्या जागेवर डबा खायची. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या मुलीने ओढून नेलं. टोकाची जागा रिकामी होती, तिथे ती बसली. अठरा-वीस जण होते, गप्पा रंगात आलेल्या. ती पाण्याची बाटली उघडत राहिली, रुमाल शोधत राहिली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की कोणीच खात नाहीये. बोलताहेत, हसताहेत, हातात चमचे आहेत, आणि चमचे ताटाच्या वर अधांतरी थांबलेत. त्यांचं त्यांना कळत नव्हतं.

तिने घास घेतला. टेबलभर चमचे खाली आले.

त्या दिवसापासून ती रोज वेळेवर जायची. एकदा कामात उशीर झाला, तर दीडच्या सुमारास ती धावत पोचली तेव्हा सगळ्यांचं अन्न गार पडलं होतं आणि हिशेबाच्या विभागातल्या एका वयस्कर बाईंना चक्कर आली होती. घास घेणं सोपं होतं. उठणं अवघड होतं. माणसं डबे बंद करून गेली तरी तिला खात्री वाटायची नाही. डोळ्यांना टेबल रिकामं दिसायचं. पण डोळे तिचे होते, वडिलांचे नव्हते.

शुक्रवारी अडीच वाजता बाकं रिकामी झाली, तरी ती बसून होती. उपाहारगृहाचा आचारी, टक्कल पडलेला, पन्नाशीचा, खांद्यावर फडकं टाकून टेबल पुसायला आला. तिच्यापाशी थांबला.

"तुमचं झालं ना, मॅडम?"

"माझं झालं." मग तिने विचारलं, "बाकीचे उठले का?"

हा प्रश्न वेडगळ आहे असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. त्याने टेबलाच्या दूरच्या टोकाकडे पाहिलं, आणि रिकाम्या टेबलाकडे पाहायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ पाहत राहिला. मग फडकं पुन्हा खांद्यावर टाकलं.

"बसा थोडं," तो हळूच म्हणाला.